परवान्यासोबत एक कागद द्या

प्रति,
मा. परिवहन आयुक्त,
महाराष्ट्र राज्य, मुंबई.

महोदय,



अहिल्यानगर जिल्ह्यात मी मोटार विम्याचा सर्व्हेअर म्हणून काम करतो. गाडी ठोकली आणि विमा कंपनीला कळवलं की गॅरेजात जाऊन नुकसान पाहायचं, कोणता भाग बदलावा लागेल आणि कोणता दुरुस्त होईल ते ठरवायचं, कंपनीनं किती सोसायचं आणि मालकानं किती याचा हिशेब मांडायचा, हे माझं काम. नगर-मनमाड रस्त्यावर खड्ड्यात आपटून खालचं तेलाचं चेंबर फुटलेल्या गाड्या, गळीत हंगामात रात्रीच्या अंधारात रिफ्लेक्टर नसलेल्या उसाच्या ट्रॉलीवर मागून आदळलेल्या गाड्या मी नेहमी पाहतो. हे पत्र मात्र देशाबाहेरच्या गाड्यांबद्दल आहे. परदेशात जाऊन भाड्यानं मोटार घेणाऱ्या आपल्या माणसांना तिथल्या विम्याचा आणि ‘एक्सेस’ नावाच्या रकमेचा जो भुर्दंड बसतो, तो आपल्याच कार्यालयाच्या खिडकीवर बराचसा टाळता येईल, असं माझं ठाम मत आहे. त्यासाठी मागणी एकच आहे. आंतरराष्ट्रीय वाहन परवाना देताना त्याच्यासोबत मराठीत छापलेला एक कागद द्या.

हा परवाना आता सहज मिळतो आणि ते चांगलंच झालं. जानेवारी २०२१ च्या केंद्राच्या अधिसूचनेनं वैद्यकीय प्रमाणपत्राची आणि व्हिसाची अट काढून टाकली. २०२२ मध्ये देशभरासाठी एकच नमुना ठरला, त्यावर क्यूआर कोड आला. फी १,००० रुपये, मुदत जास्तीत जास्त एक वर्ष. नगरच्या एमएच १६ कार्यालयात असो की श्रीरामपूरच्या एमएच १७ मध्ये, तो काढणारी माणसं आता पूर्वीसारखी केवळ परदेशी नोकरीला निघालेली नसतात. राहुरीच्या कृषी विद्यापीठातून निवृत्त झालेले प्राध्यापक असतात, कोपरगावचे डॉक्टर असतात, सुप्याच्या एमआयडीसीत छोटा कारखाना चालवणारे असतात. मुलगी न्यू जर्सीला, मुलगा मेलबर्नला; आईवडील भेटायला जातात आणि आठ-दहा दिवस सगळे मिळून गाडी काढून फिरतात. कुणी इटली, कुणी दुबई. टूरच्या बसमागं धावण्यापेक्षा आपल्या सवडीनं फिरावं, ही इच्छा रास्तच आहे.

परवान्याच्या पुस्तिकेत वाहनांचे प्रकार अनेक भाषांत छापलेले असतात. विम्याबद्दल तिच्यात एक ओळ नसते. तशी ती असण्याचं कारणही नाही, कारण तो करारच वेगळा आहे. पण माणसाच्या हातात आपण परदेशातल्या स्टिअरिंगचा अधिकार देतो, तेव्हा त्या स्टिअरिंगमागचा खर्च त्याला कोण सांगणार? ट्रॅव्हल एजंट सांगत नाही, भाड्याच्या कंपनीची वेबसाइट सांगते ती आठ पानं इंग्रजीत, आणि तिच्या काउंटरवर तर उलट घाई केली जाते.

घोटाळा होतो तो इथल्या सवयीमुळं. आपल्याकडं माणसाला दोन गोष्टी ठाऊक असतात, थर्ड पार्टी आणि फुल इन्शुरन्स. फुल असला आणि वर झिरो डेप (घसारा न कापणारं जादा संरक्षण) घेतलेला असला, की गाडी गॅरेजात टाकायची, चार दिवसांनी आणायची. मालकाच्या खिशाला लागते ती सक्तीची वजावट. खासगी मोटारीला १५०० सीसीपर्यंत १,००० रुपये, त्यावरच्या गाडीला २,०००. गॅरेजवाले तिला ‘फाइल चार्ज’ म्हणतात आणि लोकही ती मुकाट्यानं देतात, कारण रक्कम किरकोळ असते. परदेशातल्या करारात ‘एक्सेस’ किंवा ‘डिडक्टिबल’ असं वाचलं की आपल्या माणसाच्या डोळ्यांसमोर हाच फाइल चार्ज येतो. तिथं मात्र युरोपात साध्या मोटारीला ही रक्कम १,००० ते २,००० युरोच्या घरात असणं नेहमीचं आहे. युरो शंभर रुपयांच्या आसपास धरला, तर लाख ते दोन लाख रुपये. ऑस्ट्रेलियात ती काही हजार डॉलर असते, मोठ्या गाडीला आणखी जास्त.

वेबसाइटवर ‘सीडीडब्ल्यू’ किंवा ‘एलडीडब्ल्यू’ अशी अक्षरं दिसतात. पुढं हिरवी खूण, ‘समाविष्ट’ असा शब्द. माणूस समजतो, फुल इन्शुरन्स झाला. खरं तर पुष्कळ ठिकाणी कायद्याच्या दृष्टीनं हा विमाच नसतो. गाडी कंपनीच्या मालकीची. तिचं नुकसान झालं तर करारानुसार ते भाडेकरूनं भरून द्यायचं. कंपनी फक्त एवढं लिहून देते, की ठरलेल्या रकमेच्या वरचं नुकसान आम्ही तुमच्याकडून मागणार नाही. ती ठरलेली रक्कम म्हणजे एक्सेस. त्याच्या आतलं सगळं भाडेकरूचं. चूक कुणाची होती हेही पुष्कळदा आधी पाहिलं जात नाही. पार्किंगमध्ये उभ्या गाडीला कुणी घासून गेला आणि सापडला नाही, तरी पैसे तुमच्याच कार्डावरून.

इथं माझ्या पेशाचा संबंध येतो. आपल्याकडं मोटारीचं नुकसान ५०,००० रुपये किंवा त्याहून जास्त असेल, तर परवानाधारक सर्व्हेअरनं ते पाहिलंच पाहिजे असा नियम आहे. मी ना गाडीचा मालक, ना गॅरेजचा भागीदार. मालक म्हणतो बंपर बदलून द्या, मी म्हणतो दुरुस्त होईल. गॅरेजवाला मजुरी फुगवतो, मी ती कापतो. कुणाला पटलं नाही तर कंपनीच्या तक्रार विभागाकडं जाता येतं, तिथं नाही जमलं तर पुण्याच्या विमा लोकपालांकडं. तिथं वकील लागत नाही, फी लागत नाही आणि ५० लाखांपर्यंतचा निवाडा देण्याचा त्यांना अधिकार आहे. परदेशात भाड्याच्या गाडीच्या बाबतीत हे मधलं माणूसच नसतं. गाडीचा मालक तोच, नुकसान ठरवणारा तोच आणि पैसे कापून घेणाराही तोच. कारण गाडी ताब्यात घेताना तुमच्या क्रेडिट कार्डावर ती रक्कम आधीच अडकवून ठेवलेली असते. गावी परतल्यावर पैसे गेल्याचा मेसेज येतो. मग सात समुद्रांपलीकडच्या कंपनीशी इंग्रजीत पत्रव्यवहार करायचा. आपल्या लोकपालांचा हात तिथवर पोचत नाही, आपल्या ग्राहक आयोगाकडं जाऊनही निभाव लागणं अवघड.

परतलेली माणसं अशी बिलं घेऊन माझ्याकडं येतात, काही करता येईल का म्हणून विचारतात. एका बिलासोबतचा फोटो माझ्या डोळ्यांसमोर आहे. उजव्या बाजूच्या पुढच्या चाकाची रिम. आपला माणूस आयुष्यभर उजवीकडं बसून गाडी चालवतो. तिथं स्टिअरिंग डावीकडं आलं की गाडीची उजवी बाजू किती लांब आहे याचा अंदाज चुकतो आणि वळताना, पार्किंग करताना चाक फुटपाथच्या दगडाला घासतं. फोटोत बोटभर लांबीची चर होती, नख अडकेल एवढी खोल. नगरमध्ये एवढ्यासाठी कुणी क्लेम टाकत नाही. नो क्लेम बोनस जाईल म्हणून पॉलिश मारून घेतात. त्या बिलात पहिली ओळ रिमची होती. दुसरी ओळ, गाडी दुरुस्तीला उभी राहील त्या दिवसांच्या बुडालेल्या भाड्याची, तिला ‘लॉस ऑफ यूज’ म्हणतात. तिसरी ओळ प्रकरण हाताळण्याच्या फीची. खाली कर. मूळ नुकसानापेक्षा बाकीच्या ओळींची बेरीज जास्त भरत होती.

लॉस ऑफ यूजला तत्त्वतः माझा विरोध नाही. गाडी उभी राहिली तर धंदा बुडतो, हे आपल्याकडचा कोणताही टॅक्सीवाला सांगेल. पण गाडी खरंच किती दिवस उभी होती, त्या दिवसांत कंपनीच्या बाकीच्या गाड्या रिकाम्या होत्या की नाही, याचा पुरावा भाडेकरूनं मागावा. रिम खरंच बदलली का, त्याचं गॅरेजचं बिल कुठं आहे, हेही विचारता येतं. हे विचारलं की काही वेळा रक्कम कमी होते. न विचारणाऱ्याची कधीच होत नाही. छापील कागदावर ही एक ओळ असली, तरी तिची किंमत वसूल होईल.

त्याहून मोठी गफलत होते ती ‘यात काय येत नाही’ या कलमात. टायर, काचा, गाडीचं टप, गाडीची खालची बाजू, हरवलेली किल्ली हे सगळं सीडीडब्ल्यूच्या बाहेर असणं अगदी सामान्य आहे. म्हणजे तिथं एक्सेसची मर्यादाही लागू होत नाही, होईल तेवढं भरायचं. आपल्याकडं खालून दगड लागून चेंबर फुटलं तर साधारणपणे क्लेम बसतो. फक्त तेल गळत असताना तशीच गाडी दामटून इंजिन जाम केलं तर बसत नाही. तिथं कच्च्या रस्त्यावर गाडी घातली एवढ्यावरच सगळं संरक्षण संपू शकतं. आइसलँडमध्ये खडी आणि वाळूच्या वादळासाठी वेगळं संरक्षण विकतात, आणि वाऱ्यानं दार उलटं फिरून मोडलं तर तेही पुष्कळदा कामी येत नाही. ऑस्ट्रेलियाच्या आतल्या भागात सूर्यास्तानंतर गाडी चालवायला काही कंपन्यांची मनाई असते, कारण कांगारू आडवे येतात.

चुकीचं इंधन ही अशीच एक बाब. आपण पंपावर काच खाली करून ‘टाकी फुल करा’ म्हणतो, बाकी सगळं पंपावरचा मुलगा करतो. तिथं स्वतः उतरून नळी घालायची. इंग्लंडमध्ये हिरवी नळी पेट्रोलची, तर अमेरिकेत बहुतेक पंपांवर हिरवी नळी डिझेलची. चुकीचं इंधन घालून गाडी चालू केली, तर टाकी रिकामी करण्यापासून टोइंगपर्यंतचा खर्च भाडेकरूचा. कोणतंही सीडीडब्ल्यू तो सहसा उचलत नाही.

आपल्या कुटुंबांच्या दृष्टीनं सगळ्यात धोक्याचं कलम दुसऱ्या चालकाचं आहे. मुलानं गाडी घेतली, करारावर त्याचं एकट्याचं नाव. सहा तास चालवून तो दमला. वडिलांकडं आंतरराष्ट्रीय परवाना आहे, गाडी चालवण्यात उभं आयुष्य गेलं आहे. ते म्हणतात, ‘सरक, मी घेतो थोडा वेळ.’ त्या क्षणी करारातलं सगळं संरक्षण गळून पडतं. पुढं काही झालं तर एक्सेसपुरतं नाही, अख्ख्या गाडीचं नुकसान अंगावर येतं आणि समोरच्याच्या नुकसानीचाही प्रश्न उभा राहतो. दुसऱ्या चालकाचं नाव घालायला दिवसाला काही थोडे पैसे लागतात. ते वाचवण्यासाठी हा धोका पत्करणारी घरं मला माहीत आहेत. नगरहून संगमनेरला जाताना वाटेत चालक बदलणं ही आपल्याकडं सहज गोष्ट आहे, त्यामुळं यात काही चुकलं असं त्यांना वाटतही नाही.

अमेरिकेबद्दल स्वतंत्र सांगायला हवं, कारण आपली पुष्कळ माणसं तिकडं जातात. तिथं दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते. गाडीचं नुकसान ही एक. आपल्यामुळं दुसऱ्याला इजा झाली तर त्याची भरपाई ही दुसरी, आणि खरी घर बुडवणारी. आपल्याकडं मोटार वाहन कायद्यानुसार प्रत्येक गाडीला थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे. मृत्यू किंवा जखमीच्या भरपाईला त्यात रकमेची मर्यादा नाही, मालमत्तेच्या नुकसानीला साडेसात लाखांची आहे. अमेरिकेत ही किमान मर्यादा राज्यागणिक बदलते आणि ती फार तोकडी असते. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून ती एका जखमीला ३०,००० डॉलर, एका अपघाताला ६०,००० डॉलर आणि मालमत्तेला १५,००० डॉलर झाली. त्याआधी कित्येक दशकं ती याच्या निम्मी किंवा त्याहूनही कमी होती. तिथल्या इस्पितळाचा खर्च ज्यानं ऐकला आहे, त्याला हे आकडे किती अपुरे आहेत ते सांगायला नको. शिवाय २००५ च्या एका केंद्रीय कायद्यानं गाडी भाड्यानं देणाऱ्या कंपनीला केवळ मालक म्हणून जबाबदार धरता येत नाही. म्हणजे उरलेला दावा चालकावर. म्हणून तिथं ‘एसएलआय’ किंवा ‘एलआयएस’ नावाचं जादा दायित्वाचं संरक्षण मिळतं, ते घ्यावंच, असं मी प्रत्येकाला सांगतो. खरचटलेल्या बंपरचे पैसे माणूस कसेही भरेल. जखमी माणसाच्या दाव्यापुढं आयुष्यभराची पुंजी पुरणार नाही.

मुलगा तिथं राहतो, त्याच्या स्वतःच्या गाडीचा विमा भाड्याच्या गाडीलाही लागू होतो, असं पुष्कळ जण सांगतात. बऱ्याचदा ते खरंही असतं, पण त्याच्यापुरतं. भेटीला आलेल्या वडिलांना तो लागू होतो का, हे त्याच्या विमा कंपनीला लेखी विचारूनच ठरवावं. तिथल्या काही क्रेडिट कार्डांवर गाडीच्या नुकसानीचं संरक्षण फुकट मिळतं. त्यालाही अटी असतात: भाडं त्याच कार्डावर, करारावर मुख्य नाव कार्डधारकाचंच आणि कंपनीचं सीडीडब्ल्यू नाकारलेलं. यातली एक अट मोडली तरी हाती काही लागत नाही.

इथून निघताना आपण जी परदेशप्रवास विमा पॉलिसी घेतो, तिच्यावरही लोकांची भिस्त असते. ‘व्यक्तिगत दायित्व’ असं तिच्यात लिहिलेलं असतं. पण वाहन चालवताना झालेलं नुकसान त्यातून वगळलेलं असतं, हे बारीक अक्षरांतलं कलम वाचायला हवं. एक्सेसची भरपाई करणाऱ्या वेगळ्या पॉलिसी परदेशात स्वस्तात मिळतात, मात्र त्यातल्या बऱ्याच त्या त्या देशांतल्या रहिवाशांसाठी असतात. शिवाय त्यांत आधी कंपनीला पैसे भरायचे आणि मग परत मागायचे असतात.

मग काउंटरवर जे ‘सुपर कव्हर’ विकतात ते घ्यावं का? दिवसाला वीस-तीस युरो ऐकून माणूस नाही म्हणतो. माझं मत असं आहे, की रस्त्याच्या उजव्या बाजूनं पहिल्यांदाच गाडी चालवणार असाल आणि प्रवास चार-पाच दिवसांचा असेल, तर घ्या. शंभर-दीडशे युरोत झोप नीट लागते. महिनाभर फिरणार असाल तर हिशेब करून पाहा. पण घेतलं तरी त्यात काचा, चाकं आणि खालची बाजू येते का हे विचारा आणि उत्तर करारावर दाखवायला सांगा. तोंडी शब्दाला तिथं किंमत नाही.

कार्डाचंही तसंच. मुख्य चालकाच्या नावाचं क्रेडिट कार्ड नसेल, तर पुष्कळ कंपन्या गाडीच देत नाहीत. डेबिट कार्ड आणि फॉरेक्स कार्ड बऱ्याच काउंटरांवर चालत नाही. चाललं तर सगळ्यात महाग संरक्षण गळ्यात मारतात. लाख-दोन लाखांची मर्यादा असलेल्या कार्डावर एवढी रक्कम अडकली, की हॉटेलचं बिल कशानं भरायचं हा प्रश्न पहिल्याच संध्याकाळी उभा राहतो.

देशोदेशीचे काही नियम तर कुणी सांगितल्याशिवाय कळणारच नाहीत. संयुक्त अरब अमिरातीत पोलिसांच्या कागदाशिवाय गाडीचा साधा पोचाही दुरुस्त होत नाही. किरकोळ घासलं म्हणून निघून आलात तर विम्याचं दार बंद. जपानमध्ये अपघाताची खबर पोलिसांना दिली नाही तर विमा मिळत नाही, आणि गाडीच्या नुकसानीचं नेहमीचं संरक्षण घेतलं असलं तरी गाडी धंद्यातून बाहेर राहिल्याबद्दल वेगळी रक्कम आकारतात. गाडी चालती असेल तर २०,००० येन आणि नसेल तर ५०,००० येन, हा तिथला बऱ्याच कंपन्यांचा जुना दर आहे. न्यूझीलंडमध्ये अपघातातल्या जखमींचा खर्च सरकारी योजना उचलते, पण तिथं थर्ड पार्टी विमा सक्तीचा नाही. समोरच्याकडं विमा असेलच असं धरून चालता येत नाही. इटलीतल्या जुन्या शहरांच्या गाभ्यात बाहेरच्या गाड्यांना मनाई असते, वेशीवर कॅमेरे असतात. परदेशी माणसाला दंडाची नोटीस पाठवायला तिथल्या यंत्रणेला ३६० दिवसांची मुदत आहे. त्याआधी भाड्याची कंपनी पोलिसांना तुमचं नाव कळवण्याची स्वतःची फी कापून घेते, आणि दंडाचं पाकीट मागाहून टपालानं घरी येतं. फी कापली म्हणजे दंड भरला गेला, असं समजून लोक ते पाकीट बाजूला टाकतात.

सरकारी यंत्रणेनं यात काय करायचं, असं कुणी म्हणेल. युरोपात हे घडून गेलेलं आहे. युरोपीय आयोगानं आणि तिथल्या देशोदेशीच्या ग्राहक यंत्रणांनी २०१५ मध्ये पाच मोठ्या भाडे कंपन्यांना आपल्या पद्धती सुधारण्याची कबुली द्यायला लावली, आणि २०१७ पर्यंत बदल करून घेतले. किमतीत सगळा खर्च धरून सांगायचा, विम्यात काय येतं आणि काय नाही ते स्पष्ट लिहायचं, पैसे कापण्याआधी ग्राहकाला आक्षेप घेण्याची संधी द्यायची, असा तो आग्रह होता. तरीही तक्रारी संपलेल्या नाहीत. तिथल्या कंपन्यांना वठणीवर आणणं आपल्या हातात नाही. आपला माणूस त्या काउंटरवर तयारीनं उभा राहील एवढं मात्र आपल्या हातात आहे.

या तयारीतला सगळ्यात उपयोगी भाग अगदी साधा आहे, आणि तो मी माझ्या कामावरून सांगतो. गाडी ताब्यात घेताना अंधारात, झोपेत सही करू नका. दिव्याखाली आणा. चारही चाकांच्या रिमा, पुढच्या काचेचे कोपरे, बंपरची खालची कड, आरशांच्या बाहेरच्या बाजू आणि टप यांचा सलग व्हिडिओ काढा. शेवटी डॅशबोर्डवरचं इंधन आणि किलोमीटर. दिसेल तो प्रत्येक ओरखडा कागदावर लिहून घ्या आणि कर्मचाऱ्याची सही घ्या. परत देताना कार्यालय उघडं असेल अशी वेळ धरा. बंद असताना किल्ली पेटीत टाकून विमान गाठलं, तर दुसऱ्या दिवशी गाडी तपासली जाईपर्यंत ती तुमच्याच जबाबदारीवर उभी असते, असं बहुतेक करारांत लिहिलेलं असतं. परत देतानाही तोच व्हिडिओ पुन्हा काढा. सर्व्हेअर म्हणून सांगतो, वाद झाला की शंभर शब्दांच्या पत्रापेक्षा तारीख-वेळ असलेला एक फोटो भारी पडतो.

महोदय, याच विषयाची एक बाजू आपल्या घरातही आहे आणि ती तर थेट आपल्या अखत्यारीत येते. सेल्फ ड्राइव्ह गाडी भाड्यानं द्यायची तर १९८९ ची रेंट-अ-कॅब योजना आहे, काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं हवीत. प्रत्यक्षात पांढऱ्या पाटीच्या खासगी गाड्या शिर्डीपासून गोव्यापर्यंत सर्रास चालवायला दिल्या जातात. मूळ आधार कार्ड नाहीतर कोरा चेक ठेवून घेतात. खासगी गाडीच्या पॉलिसीत ‘भाड्यानं देण्यासाठी वापर नाही’ असं कलम असतं. अपघात झाला की चौकशीत भाडं उघड होतं, विमा कंपनी हात वर करते आणि भाडेकरू व मालक एकमेकांकडं बोट दाखवत राहतात. अशा गाड्यांचे सर्व्हे करताना मला सगळ्यात वाईट वाटतं ते घेणाऱ्या तरुण पोरांचं. त्यांनी भाडं भरलेलं असतं, लायसन्स असतं, आणि पाटीचा रंग पाहायचा असतो हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं. त्याच कागदाच्या मागच्या बाजूला ही चार वाक्यंही छापा.

कागद दोन पानांचा पुरे. पुढच्या बाजूला एक्सेस म्हणजे काय आणि ती किती असू शकते याचं एक उदाहरण रुपयांत, काय वगळलेलं असतं, दुसऱ्या चालकाचं नाव, क्रेडिट कार्ड, पोलिसांचा कागद, व्हिडिओ, बिल आल्यावर कोणते पुरावे मागायचे. कंपन्यांची नावं नकोत, कुणाची जाहिरात नको. अक्षर मोठं असावं, कारण वाचणारे बरेच जण साठीच्या पुढचे असतात. परवान्यासाठीचा अर्ज आता ऑनलाइन भरला जातो, त्यामुळं अर्ज पूर्ण झाल्यावर तोच मजकूर मोबाइलवरही पाठवता येईल. सुरुवात नगर आणि श्रीरामपूर या दोन कार्यालयांपासून करून पाहिली तरी चालेल.

मजकुराचा कच्चा खर्डा मी करून देतो. त्यासाठी मला मानधन नको. आपल्या विधी विभागानं तो तपासावा, विमा नियामक प्राधिकरणाच्या माणसांना दाखवावा, चुकलं असेल ते खोडावं. उन्हाळ्याच्या सुट्टीतल्या प्रवासाची बुकिंग जानेवारी-फेब्रुवारीतच होऊ लागते आणि परवान्याचे अर्ज त्यामागोमाग येतात. त्याआधी कागद छापून दोन्ही कार्यालयांच्या खिडकीवर पोचावा, एवढी विनंती आहे.

कळावे,

आपला,
एक मोटार विमा सर्व्हेअर,
सावेडी, अहिल्यानगर